रोझाच्या किनाऱ्यावरचा काळोख

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये साल्वातोर रोझाचे ‘खडकाळ किनाऱ्यावरचे दरोडेखोर’ हे चित्र आहे. साधारण १६५५ ते १६६० या काळातले, जेमतेम मीटरभर रुंद. रोझा मूळचा नेपल्सचा. रौद्र कडे, मोडलेली झाडे आणि त्यांच्या आडोशाला सैनिक नाहीतर लुटारू, हा त्याचा हातखंडा विषय. अठराव्या शतकातल्या इंग्रज रसिकांना त्याच्या या अंधाऱ्या निसर्गाने वेड लावले.

तो अंधार मात्र सगळाच रोझाचा नाही. सतराव्या शतकात इटलीतले पुष्कळ चित्रकार कॅनव्हासवर आधी गेरूसारख्या मातीचा तांबूस-तपकिरी थर देत आणि त्यावर जवसाच्या किंवा अक्रोडाच्या तेलात कालवलेले रंग चढवत. खालचा थर सावलीच्या कामी यायचा, वेळ वाचायचा. पण तेल जुने होते तसा त्याचा वक्रीभवनांक १.४८ च्या आसपासहून वर सरकतो आणि रंगकणांच्या जवळ येतो. मग दोहोंच्या सीमेवर प्रकाश कमी विखुरतो, वरचा थर पारदर्शक होत जातो आणि खालचा तपकिरी थर दिसू लागतो. भजी बांधलेल्या कागदावर तेल उतरले की मागची अक्षरे दिसू लागतात, त्यामागचे विज्ञान हेच.

भर घालतो शिशाचा सफेदा. त्यातले शिसे तेलातल्या मेदाम्लांशी संयोग पावून शिशाचा साबण बनते आणि पांढरे कण विरत जातात. जिथे सफेदा जाड थापलेला आहे, ते ढग आणि फेस टिकतात. पातळ हातांनी रंगवलेले मधले उजेड, म्हणजे दूरचे डोंगर, खडकांचे उतार, माणसांचे कपडे, आधी बुडतात. अशा चित्रांतली माणसे दगडातून उगवल्यासारखी दिसतात, त्यात मला रोझाइतकाच या रसायनाचाही हात वाटतो.

आकाशाची तऱ्हा निराळी. त्या काळी स्वस्त निळा रंग म्हणून कोबाल्टची काच कुटून वापरत. तिला स्माल्ट म्हणतात. काचेतले पोटॅशियम तेलात झिरपले की कोबाल्टभोवतीची ऑक्सिजन अणूंची चौकडी षट्‌कात बदलते आणि निळाई जाऊन राखाडी उरते. अशा रंगाचे निरभ्र आकाश पुढे वादळी भासू शकते.

पिवळे पडलेले वार्निश द्रावकाने काढता येते. रंगाच्या आत झालेला बदल उलटवता येत नाही. मात्र साबण झाला तरी शिसे बहुतांशी जागेवरच राहते आणि क्ष-किरण अडवते. त्यामुळे डोळ्यांना काळ्या दिसणाऱ्या भागातही चित्रकाराने सफेदा कुठे लावला होता, हे क्ष-किरण चित्रात वाचता येते.