दफेदाराचे सुवर्ण
पापनाशम हे तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यानचे, कावेरीकाठच्या भातखाचरांतले गाव. नायककालीन भव्य धान्यकोठार ही तेथील जुन्या सुबत्तेची खूण. अशा चिखलाच्या मुलखात घोडा पाहुणाच. तमिळ गावांच्या वेशीवर अय्यनारापुढे मातीचे घोडे उभे असतात. जिवंत घोडा राजांनी पोसला. तंजावरच्या भोसल्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात अश्वशास्त्राची सचित्र पोथीही आहे. त्या परिसरातून जाताना माझ्या मनात प्रश्न आला: राजे गेल्यावर हा खर्चिक प्राणी आणि त्याची विद्या सांभाळली कोणी?

मुख्यतः लष्कराने. संस्थानांच्या घोडदळांतून १९५३ मध्ये ग्वाल्हेरला एक रेजिमेंट उभी राहिली. तीच पुढे ६१ कॅव्हलरी या नावाने जयपुरात स्थिरावली. तिच्यातले रघुबीर सिंग हे दफेदार, म्हणजे पायदळातल्या हवालदाराच्या बरोबरीचे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांनी इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन्ही सुवर्णपदके मिळवली. एकाच घोड्यावर ड्रेसाजची शिस्त, मोकळ्या रानातली दौड आणि अडथळ्यांवरच्या उड्या अशी या प्रकाराची तिहेरी परीक्षा असते. त्यांना अर्जुन पुरस्कार आणि १९८३ मध्ये पद्मश्री मिळाली. सामान्य घरातल्या जवानाला हे शक्य झाले, कारण त्याला घोडा विकत घ्यावा लागत नव्हता. पहाटेचा खरारा, वेळेवरची चंदी, नालबंदाची फेरी, पशुवैद्याची नजर हे सारे सेवेतच येत होते. (मोतद्दाराला मात्र पदक नसते, या खेळातला हा जुना अन्याय.)

पुढचे सुवर्ण यायला ४१ वर्षे लागली. २०२३ मध्ये हांगझोऊला अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला यांच्या ड्रेसाज संघाने ते जिंकले. हृदय मुंबईचा, सुदीप्ती इंदूरची. पण चौघांचीही तयारी युरोपात झाली आणि घोडेही तेथलेच. ग्लँडर्ससारख्या रोगांच्या भीतीने भारतातून निघणाऱ्या घोड्यांवर इतर देशांचे कडक निर्बंध असतात. स्वाराला व्हिसा मिळतो, घोड्याला नाही. मग ज्याच्या घरी युरोपातला तबेला परवडतो, त्यालाच मोठी स्पर्धा गाठता येते. दफेदाराचा खेळ असा धनिकांचा झाला.

जुलै २०२५ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने मेरठच्या लष्करी रिमाउंट व पशुवैद्यक केंद्रातील रोगमुक्त कक्षाला मान्यता दिली. माझ्या मते घोड्यांच्या खेळासाठी गेल्या कित्येक वर्षांतला हा सर्वांत उपयुक्त निर्णय आहे. पदकांच्या गदारोळात त्याची बातमी कोपऱ्यात गेली. आता मेरठच्या आवारात नागरी स्वारांचे घोडे कोणत्या अटींवर आणि किती शुल्कात ठेवता येतील, हे उघडपणे ठरायला हवे. पुण्या-मुंबईतल्या रायडिंग क्लबांनी ही मागणी आताच लावून धरावी.