केस, नखे आणि सेलेनियम

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात लोकांचे केस हातात येऊ लागले. काही दिवसांत टक्कलच पडे. पुढे काहींची नखेही गळाली. आधी संशय पाण्यावर गेला. नंतर रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेले आढळले आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बोट दाखवले ते रेशनच्या गव्हाकडे.

खरे तर हे खनिज शरीराला हवेच असते. थायरॉइडचे संप्रेरक कार्यक्षम करणारी, पेशींची झीज रोखणारी काही विकरे त्याच्याविना बनतच नाहीत. चीनमधल्या केशान भागात ते मातीतच कमी, म्हणून तिथे मुलांची आणि तरुण स्त्रियांची हृदये कमकुवत होत (जोडीला एका विषाणूचाही हात असावा). पंजाबातल्या नवांशहर-होशियारपूर पट्ट्यात उलट प्रकार. तिथल्या काही शेतांत ते जास्त, आणि पीक मातीतले तेच उचलते.

प्रौढ माणसाला दिवसाला ४० ते ५५ मायक्रोग्रॅम पुरते. ४०० च्या वर रोज जात राहिले, तर अपाय संभवतो. केस गळतात म्हणून सेलेनियमच्या गोळ्या आणणाऱ्यांनी पाकिटावरचा आकडा आधी वाचावा. जादा सेलेनियमच्या पहिल्या लक्षणांतही केस गळणेच असते.