खुर्ची दिली, बैठकीचे काय?

शिबिरात चाकाच्या खुर्च्या वाटल्या जातात, हारतुरे होतात, फोटो छापून येतात. पुढे त्याच खुर्चीचे रेक्झिन झोळीसारखे लोंबू लागते, तेव्हा तिकडे कोणी फिरकत नाही. आमचा सवाल त्या फाटक्या बैठकीचा आहे.

बैठक खोलगट झाली की कंबर कलते, गुडघे आत ओढले जातात, पाठीला बाक येतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला अनेकदा कमरेखाली संवेदना नसते. माकडहाडाजवळ जखम झाली तरी त्याला कळत नाही आणि ती चिघळून जिवावर बेतू शकते.

दुरुस्ती मात्र अवघड नाही. खुर्ची पूर्ण उघडून दोन्ही नळ्यांवरील स्क्रूंमधले अंतर मोजावे. ताणलेल्या जुन्या कापडाचे माप घेऊ नये. रिक्षाचे सीट शिवणारा कारागीर जाड, दुहेरी कापड नायलॉनच्या दोऱ्याने शिवून देऊ शकतो. नुसती उशी टाकून भागत नाही, तीही त्याच खड्ड्यात बसते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार ठरावीक उत्पन्नमर्यादेतील अपंगांना साधने मोफत देण्याची तरतूद शासनाच्या योजनांत असली पाहिजे. ज्या खुर्चीवर बसताच येत नाही, तिला साधन कसे म्हणायचे? वाटपाच्या निधीतच दुरुस्तीचा पैसा ठेवा, तालुक्याला एक कारागीर नेमा, ही आमची मागणी आहे. दाद मिळाली नाही तर राज्य आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतल्या खुर्च्या आजच तपासाव्यात. हक्क वाटपाच्या दिवशी संपत नसतो.