एकरी सव्वाचार टन

नदीत सोडायच्या सांडपाण्यात लिटरमागे 2,100 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार चालतात, असं प्रदूषण नियंत्रणाची मोजपट्टी सांगते. म्हणजे लिटरला दोन ग्रॅमच्या थोडं वर. आता हेच पाणी शेताला द्या. एकराला 5 सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे सुमारे दोन लाख लिटर, त्यात सव्वाचारशे किलो क्षार. दहा पाळ्यांत सव्वाचार टन. पाणी पीक उचलतं, ऊन उडवतं. क्षार जमिनीतच राहतात, आणि पावसानं जे धुऊन जातात तेही बहुतेक खाली विहिरीच्या पाण्यात उतरतात.

तमिळनाडूत तिरुपूरखाली नोय्यल नदीकाठी नेमकं हेच झालं. तिथल्या रंगकारखान्यांत सुती कापड रंगवताना रंगाच्या पाण्यात लिटरमागे 40 ते 80 ग्रॅम मीठ लागतं. ते रंगाला धाग्यावर बसवतं, स्वतः कापडात राहत नाही. जवळजवळ सगळं सांडपाण्यात येतं. नेहमीच्या प्रक्रियेनं रंग आणि गाळ निघतो, मीठ निघत नाही. 1992च्या सुमारास सिंचनासाठी बांधलेल्या ओरत्तुपाळयम धरणात हेच पाणी साठत गेलं. पुढे पुढे हे पाणी सोडू नका, असं शेतकरीच म्हणू लागले.

त्यांचं भय रास्त होतं. मातीच्या कणांना कॅल्शियम धरून ठेवतो. मिठातला सोडियम त्याची जागा घेतो आणि कण सुटे होतात. कणांवरच्या एकूण धनभारांत सोडियमचा वाटा 15 टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण समजतात. पण खारं पाणी चालू असेपर्यंत हे फारसं दिसत नाही, कारण क्षारच कणांना एकत्र ठेवतात. चांगला पाऊस पडून ते धुतले गेले की वाफशाच्या दिवसांतही पाणी वर साचून राहतं, आणि वाळल्यावर कडक पापुद्रा धरतो. अशा शेतातलं ढेकूळ पेलाभर पावसाच्या पाण्यात अलगद टाकून बघा. चांगल्या मातीचं ढेकूळ फुटलं तरी पाणी बऱ्यापैकी नितळ राहतं. चोपण मातीचं गढूळ होतं ते निवळतच नाही.

2006 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं थेंबभरही सांडपाणी बाहेर सोडू नका असा आदेश दिला. तो पाळला गेला नाही म्हणून जानेवारी 2011 मध्ये सुमारे 700 रंगकारखाने बंद करायला लावले. पण जमिनीतला सोडियम आदेशानं हटत नाही. त्याला जिप्सम लागतं, निचऱ्याचे चर लागतात, आणि वरून भरपूर गोडं पाणी लागतं. नोय्यलकाठी तेच कमी.

इचलकरंजीतही कापडावर प्रक्रिया होते आणि खाली पंचगंगेच्या काठी ऊस उभा आहे. तिथल्या प्रत्येक परवान्यावर लिटरच्या मर्यादेशेजारी वर्षाला एकूण किती टन क्षार सोडणार, हा दुसरा आकडा लिहिलाच पाहिजे.