कोरियन ‘रियल व्हरायटी’ कार्यक्रमांच्या यशाची मीमांसा

दक्षिण कोरियात ‘रियल व्हरायटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमांत पूर्वलिखित संहितेस गौण स्थान असते. ठरलेली काही मंडळी दर आठवड्यास एखादे काम अंगावर घेतात आणि ते पार पाडताना त्यांची जी त्रेधा उडते, तीच कार्यक्रमाची सामग्री होते. एवढ्या अल्प भांडवलावर हा प्रकार वर्षानुवर्षे लोकप्रिय कसा राहतो, हा प्रश्न विचारणीय आहे.

याचे पहिले कारण दीर्घ परिचय हे होय. एमबीसी वाहिनीवरील ‘मुहान दोजॉन’ (अमर्याद आव्हान) हा कार्यक्रम २००५ पासून २०१८ पर्यंत चालला. त्यातील कलावंत स्वतःच्याच नावाने वावरत. यू जे-सक सर्वांस सांभाळून घेणार आणि पाक म्यंग-सू खेकसणार, हे प्रेक्षकांस आधीच ठाऊक असे. त्यामुळे विनोद घडण्यापूर्वीच त्याची चाहूल लागे.

दुसरे कारण समाजरचनेत आहे. कोरियन भाषेत वय व मान यांनुसार क्रियापदाचे रूपदेखील बदलते. केबीएसवर २००७ साली सुरू झालेल्या ‘इल्बाक इइल’ (एक रात्र, दोन दिवस) या कार्यक्रमात मात्र खेळात हरणाऱ्यास रात्रीचे जेवण मिळत नाही किंवा उघड्यावर निजावे लागते. भूक आणि थंडी ज्येष्ठता वा कीर्ती पाहत नाहीत. एरवी अढळ वाटणारी उतरंड येथे घटकाभर कोसळते, आणि त्यात कोणाचाही अवमान होत नाही.

तिसरे कारण संकलनाचे. पडद्यावर उमटणारी रंगीत अक्षरे केवळ संवाद लिहून दाखवीत नाहीत. ती पात्रांची थट्टा करतात, त्यांच्या मनातले बोलतात. निर्मातेही मधूनमधून पडद्यावर येतात. प्रसंग मुद्दाम घडवून आणलेला आहे, ही गोष्ट लपविली जात नाही. म्हणूनच त्यातील प्रतिक्रियेवर विश्वास बसतो.

हा विश्वास केवळ हास्यापुरता नसतो. जपानमधील हाशिमा बेटावरील कोळशाच्या खाणीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोरियन मजुरांना सक्तीने राबविण्यात आले होते. जुलै २०१५ मध्ये या बेटाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा-यादीत समावेश झाला. त्या वर्षी ‘मुहान दोजॉन’ची मंडळी परदेशस्थ कोरियनांस मायदेशीचे जेवण पोचवीत होती. त्याच उपक्रमात हाहा हा कलावंत हाशिमास गेला आणि जवळच्या ताकाशिमा बेटावरील मृत मजुरांच्या स्मारकापुढे त्याने पांढरा भात व मांसाचा रस्सा ठेवला. सप्टेंबरमध्ये हा भाग प्रक्षेपित झाला.

जेवणाच्या ताटावरून दहा वर्षे हसविणाऱ्या मंडळींनीच ते ताट मृतांपुढे ठेवले, म्हणून त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. कार्यक्रमाची रूपरेषा दुसऱ्या देशास विकता येते. असा संचित परिचय मात्र विकता येत नाही. या प्रकाराच्या यशाचे मूळ त्या परिचयातच आहे.