टाकी भरली की येणारा वास

सकाळी साडेसात

आज गॅरेजात उदबत्ती लावायची नाही. देवाच्या तसबिरीला जास्वंदीचं फूल वाहिलं, हात जोडले, एवढंच. पेट्रोलचा वास शोधायचा दिवस असला की आमच्याकडे हा नियम असतो. एक कारण उघड आहे, निखारा. दुसरं कारण नाक. उदबत्ती, हात धुवायचं रॉकेल, अंगावरचा सेंट, सगळे वास मधे येतात. मदतनीस मुलाला काल रात्रीच सांगून ठेवलं होतं, "उद्या सेंट मारून येऊ नकोस, आणि येताना तंबाखू नाही." तो खरंच नुसत्या साबणाने आंघोळ करून आला आहे.

गाडी आहे 1967ची एमजीबी. दोन आसनांची, उघड्या टपाची. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात, सगळे प्रकार धरून, पाच लाखांवर एमजीबी बनल्या. पुण्यात ही गाडी दुर्मीळ असली तरी तिचं इंजिन आपल्याला अनोळखी नाही. आपल्या ॲम्बॅसिडरचं 1489 सीसीचं इंजिन आणि हिचं 1798 सीसीचं, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिज घराण्यातली. ज्याने ॲम्बॅसिडर उघडली आहे त्याचे हात इथे आपोआप चालतात.

आठ

मालक गाडी घेऊन आले. येताना टाकी गळ्यापर्यंत भरून आणा, असं त्यांना सांगितलं होतं.

माझ्या मते वास शोधण्याचं निम्मं काम पाना हातात घेण्याआधी होतं. बहुतेक लोक सांगतात, "पेट्रोलचा वास येतो." त्यातून काहीच कळत नाही. तो कधी येतो? सकाळी थंड गाडीला की दमवून उभी केल्यावर? इंजिन चालू असताना की बंद? टाकी भरलेली असताना की अर्धी? कच्च्या पेट्रोलचा वास आहे की सायलेन्सरमधून येणारा, डोळे चुरचुरवणारा? म्हणून गेल्या महिन्यात मी मालकांना एक वही करायला सांगितली होती. ते निवृत्त डॉक्टर आहेत, त्यामुळे वही पेशंटच्या केसपेपरसारखी नेटकी आहे. त्यातून तीन गोष्टी स्वच्छ दिसतात. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की वास नाही. भरलेल्या टाकीने गाडी दुपारी उन्हात उभी राहिली की हटकून येतो. आणि कात्रजच्या जुन्या घाटात डावीकडच्या वळणांवर येतो, उजवीकडच्या नाही.

"काका, या आधी कुणी काय काय केलंय?" मी विचारलं.

"दोन वेळा कार्ब्युरेटर खोलले. नवी पॅकिंग टाकली. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच."

टाकीत किती पेट्रोल आहे हे कार्ब्युरेटरला कळत नाही. अर्धी टाकी असो की पूर्ण, त्याच्याकडे पंप पाठवेल तेवढंच येतं. डावीकडे वळताना पेट्रोल टाकीच्या उजव्या कुशीत जातं. म्हणजे शोध मागे, आणि मागे उजवीकडे. पण वहीवर सगळा भार टाकायचा नाही. पुढून सुरुवात करून मागे जायचं, कारण गळती एकच असते असा कुठे नियम नाही.

साडेआठ

गाडी अंगणात, मोकळ्या हवेत. शेडमधल्या खड्ड्यावर ती आज जाणार नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वाहत जाऊन खड्ड्यात साचते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी पेटू शकते. खाली उभ्या माणसाला वर यायलाही वेळ मिळत नाही. खड्ड्यात पेट्रोलचं काम करणारी गॅरेजं मी पाहिली आहेत, आणि ती पाहून दर वेळी माझा जीव खाली-वर होतो.

पहिली तपासणी कानाने. या गाडीला एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पंप आहे. किल्ली फिरवली, इंजिन सुरू न करता, की तो टकटक करतो. कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या, फ्लोट वर आले, सुया बसल्या की दाब चढतो आणि पंप गप्प होतो. इंजिन बंद असताना तो टकटकतच राहिला, तर पेट्रोल कुठेतरी बाहेर जातंय किंवा पंप हवा ओढतोय. आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. जलद टकटक, मग संथ, मग शांतता. घड्याळ लावून बराच वेळ थांबलो. एकही ठोका नाही. पंपापासून पुढे फ्लोटच्या सुयांपर्यंतचा, दाबाखालचा सगळा मार्ग मोठ्या गळतीच्या संशयातून सुटला.

सव्वानऊ

डिपस्टिक काढून तेल हुंगलं. सुया नीट बसत नसतील तर जादा पेट्रोल सिलिंडरमधून तेलात उतरतं, तेल पातळ होतं आणि त्याला वास येतो. इथे तेल तेलासारखंच आहे.

मग दोन्ही कार्ब्युरेटर. एसयूच्या एचएस4 जातीत वाटीच्या तळातून एक बारीक नळी जेटकडे जाते. जिथे ती वाटीला मिळते तिथे पितळी नट आणि आत छोटं रबर. मागच्या कार्ब्युरेटरचा तो नट ओला होता. मुलाने पांढरा कागद टेकवला, कागदावर ठिपका उमटला.

"दादा, सापडलं!"

एक गळती सापडली, हे खरं. आणि ती आज दुरुस्त होणारच, कारण या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही डावीकडे आहेत, मधे फक्त एक पत्रा. तिथे एक थेंबही खपवून घ्यायचा नाही. पण हा नट वहीतल्या एकाही ओळीचं उत्तर देत नाही. जो वास टाकी भरल्यावर येतो तो या नटातून कसा येईल? आधी ज्यांनी कार्ब्युरेटर खोलले त्यांना बहुधा असंच काही ओलं दिसलं असेल आणि ते तिथेच थांबले असतील. रबर बदललं, वाटीचं झाकण उलटं धरून तीन मिलिमीटरच्या ड्रिलने फ्लोटची उंची पडताळली, आणि पुढे निघालो.

साडेदहा

चहा, रस्त्याच्या पलीकडे. ही सुटी नाकासाठी आहे. पेट्रोलच्या वासात पाच-दहा मिनिटं राहिलं की नाक तो सांगणंच बंद करतं, आणि माणसाला वाटतं वास गेला. म्हणून आम्ही आळीपाळीने हुंगतो आणि मधे बाहेर जातो. मालकालासुद्धा आपल्या गाडीचा वास हळूहळू येईनासा होतो. घरचे लोक आधी तक्रार करतात. त्यांचं ऐकावं.

अकरा

गाडी मोकळ्या हवेतच रॅम्पवर. त्याआधी बॅटरी तोडली. या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे जमिनीत बसवलेल्या असतात, आणि पंप त्यांच्या जवळच. शिवाय 1967पर्यंतच्या एमजीबीत बॉडीला अधिक टोक जोडलेलं असतं. मुलाला ते दाखवून मग अर्थची तार काढायला लावली. टाकीखाली काम चालू असताना बॅटरीपाशी ठिणगी पडली तर पुढे काही सांगायला कुणी उरत नाही.

मागची पाहणी दिसायला सोपी आहे: पंपाच्या नळ्या, टाकीच्या उजव्या बाजूला बसलेलं पेट्रोलच्या काट्याचं युनिट आणि त्याचं पॅकिंग, टोपीपासून टाकीपर्यंतची जाड रबरी नळी, टाकीची शिवण. सगळं कापडाने कोरडं पुसून प्रत्येक जोडावर टाल्कम पावडर भुरभुरवली, बिनवासाची. ओल आली की पावडर काळवंडते आणि थेंबाने कुठून वाट काढली ते आखून देते. मग रॅम्प खाली घेऊन डावी बाजू जॅकवर उचलली, म्हणजे पेट्रोल उजवीकडे सरकेल, घाटातल्या वळणासारखं. आणि गाडी तशीच उन्हात सोडली.

ऊन हा या तपासणीचा अर्धा भाग आहे. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. या टाकीत बारा इंपीरियल गॅलन, म्हणजे सुमारे 54 लिटर मावतं. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून सकाळी गार पेट्रोल भरलं आणि दुपारपर्यंत ते 15 अंशांनी तापलं, तर पाऊण लिटर जागा जास्त मागतं. आधुनिक गाडीत वाफ कोळशाच्या डब्यात अडवली जाते. या गाडीत टाकी टोपीतूनच श्वास घेते. त्यामुळे गळ्यापर्यंत भरल्यावर टोपीपाशी थोडा वास येणं या गाडीचा स्वभाव आहे. आतमध्ये, आसनाशी तो येणं हा स्वभाव नव्हे. उघड्या गाडीत मागची हवा भोवरा करून पुढे आसनांकडे ओढली जाते, आणि टाकीपाशी जे सुटतं ते तिच्याबरोबर येतं.

बारा

ऊन आपलं काम करत होतं, तेवढ्यात नाना पेठेत जाऊन होज आणली. दुकानात मी दोनच प्रश्न विचारतो: आतलं अस्तर इथेनॉलला चालतं का, आणि नळीवर छापलेला दर्जा वाचू द्या. आपल्याकडे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल 2023च्या फेब्रुवारीत विक्रीला आलं आणि आता देशभर तेच मिळतं. साठच्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. ते आधी फुगतं, मऊ पडतं, मग सुकून चिरतं. इथेनॉल पाणीही धरून ठेवतं, आणि लोखंडी टाकीत पाणी म्हणजे गंज. जुना मळ सुटून सुईत अडकतो तो वेगळाच. जुन्या गाडीवाल्याने इंधनावर रागावून उपयोग नाही, नळ्या बदलाव्यात.

दीड

जेवण आटोपून परतलो आणि रॅम्प वर घेतला. युनिटचं पॅकिंग कोरडं. टोपीकडची नळी कोरडी, मात्र वाकवल्यावर बारीक चिरा दिसतात, ती बदलायचीच. शिवण कोरडी. आणि टाकीच्या उजव्या बाजूला, पुढच्या अंगाने, वरून खाली आलेला एक ओला ओघळ. त्याच्या कडेला जुने, पिवळट-तपकिरी डाग, एकावर एक वाळलेले. म्हणजे उगम टाकीच्या वरच्या पत्र्यात, जो कुणाला कधी दिसत नाही. तो डिकीच्या तळाला जवळजवळ चिकटून असतो.

मालकांनी वहीत लिहिलं होतं ते सगळं या एका ओघळात बसलं. अर्ध्या टाकीत पेट्रोल वरच्या पत्र्याला लागतच नाही. भरलेल्या टाकीत ऊन त्याला तिथपर्यंत नेतं, आणि डावं वळण उजव्या कोपऱ्यात लोटतं.

अडीच ते साडेपाच

टाकी हातपंपाने रिकामी केली. लोखंडी कॅन, कॅन आणि गाडी यांच्यात तार जोडलेली, म्हणजे वाहत्या पेट्रोलाने स्थिर वीज साचणार नाही. शेजारी अग्निशामक, आणि तो उचलायला मोकळा असलेला एक माणूस. मग नळ्या, युनिटची तार, किनारीचे बोल्ट. त्यातले दोन गंजून फुलले होते. जॅकवर फळी ठेवून टाकी अलगद खाली घेतली.

वरच्या बाजूला अनेक वर्षांची माती. चाक चिखल उडवतं, तो टाकी आणि डिकीच्या तळाच्या फटीत बसतो, मधल्या पट्ट्या पाणी धरून ठेवतात, आणि पत्रा बाहेरून खातो. या गाडीचा हा जुना, सगळ्यांना माहीत असलेला आजार आहे. माती खरवडली तर उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा भाग तपकिरी, भुसभुशीत. आर हलकेच टेकवली आणि ती आत गेली. शेजारी आणखी बारीक भोकं.

मुलगा टाकीत डोकावायला टॉर्च शोधू लागला, त्याला तिथेच थांबवलं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. पेट्रोल नाही, पण वाफ आणि हवा नेमक्या पेटण्याच्या मिश्रणात असतात.

सहा

मालकांना फोन केला. एवढ्याशा भोकांना डाग दिला तर चालणार नाही का, असं त्यांनी विचारलं. नाही. भोकांच्या सभोवतीचा पत्राही कागदाएवढा उरला आहे, डाग धरायला काही शिल्लक नाही. धुऊन वाफ न काढता पेट्रोलच्या टाकीवर वेल्डिंग करणारा माणूस तर स्वतःच्या जिवाशी खेळतो. आतून लेप ओतायची पद्धत आहे, पण खाऊन गेलेल्या पत्र्यावर लेप टाकणं मला पटत नाही. एमजीबीच्या नव्या टाक्या ब्रिटनमध्ये आजही मिळतात. ती मागवू, बसवण्यापूर्वी वरच्या बाजूला जाड रंग देऊ, पाणी न पिणाऱ्या पट्ट्या लावू, युनिटचं पॅकिंग आणि सगळ्या नळ्या नव्या घालू.

"तोपर्यंत गाडी?"

"तोपर्यंत इथेच, काका. टाकीशिवाय."

त्यांनी लगेच होकार दिला.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना एक विनंती. पेट्रोलचा वास आला तर काच खाली करून पुढे जाऊ नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, उतरा, आणि वास कधी आला ते तिथेच लिहून ठेवा. तो कागद घेऊन गॅरेजात जा, आणि तुमच्या रबरी नळ्या कोणत्या साली बदलल्या ते विचारा. सांगता आलं नाही, तर त्या आजच बदलून घ्या.