मोहाविना नागपूर

बाहेरगावचा पाहुणा आला की नागपूरकर त्याला दीक्षाभूमी दाखवतात, फुटाळ्यावर नेतात, सकाळी तर्री-पोहे खाऊ घालतात आणि रात्री सावजीत बसवतात. मी यात एका संध्याकाळची भर घातली आहे. पाहुण्याची चालायची तयारी असेल, तर सिव्हिल लाइन्सपासून इतवारीपर्यंत हे शहर कुठे आणि कसे पिते, ते त्याला दाखवतो. या फेरीत प्यायलाच हवे असे नाही. काही पाहुणे शेवटपर्यंत सोड्यावर राहतात आणि त्यांनाही सगळे कळते. दारूच्या कायद्याने एका शहराच्या संध्याकाळी कशा वाटून टाकल्या, ते बघायचे असते. आणि या वाटणीत कोणाला काहीच मिळाले नाही, तेही.

महाराष्ट्रात दारूबंदी आहे, हे पाहुण्याला आधी सांगावे लागते. ऐकून तो हसतो, पण ते खरे आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही लागू आहे. आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. १९५० साली, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, मुंबई राज्यात पूर्ण बंदी आली. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी होते. आपल्याकडे मध्य प्रांत-वऱ्हाडचा स्वतःचा १९३८ चा दारूबंदी कायदा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे मुंबईचा कायदा इथेही आला. साठच्या दशकात, पुसदच्या वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत, बंदी सैल झाली, पण उठली नाही. पिणे हा अपराध, आणि परवाना असेल तर त्यातून सूट, ही कायद्याची मांडणी तशीच राहिली. म्हणून पिणाऱ्याकडे परवाना लागतो: वर्षाचा १०० रुपयांत, तहहयात १,००० रुपयांत. बीअरला वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत, कडक दारूला २५. आणि ज्या जागेत बसून प्यायचे ती परमिट रूम.

फेरी सिव्हिल लाइन्समधून सुरू होते, कारण उतरंड तिथून दिसते. सीपी क्लब, गोंडवाना क्लब ही इंग्रजी अमलाच्या वळणाची ठिकाणे. क्लबाचा परवाना एफएल-४. सभासद असाल किंवा सभासदाचे पाहुणे असाल तरच आत. इथे थांबायचे कारण नाही. नाव तेवढे वाचून घ्यावे, कारण गोंडवाना क्लबात गोंडांची दारू मिळत नाही. त्याचे कारण फेरीच्या शेवटी येईल.

सदरमध्ये शिरलो की खरी परमिट रूम. परवाना एफएल-३. बाहेरून काळी काच, आत अर्धा उजेड. गल्ल्यामागे देवाचा फोटो आणि लाल बल्ब, शेजारी चौकटीत उत्पादन शुल्क विभागाचा परवाना. खाली साधा हॉल, वर एसी, आणि एसीत त्याच बाटलीचे चार पैसे जास्त. टेबलावर न मागता येणारे फुटाणे, शेंगदाणे, काकडी-टमाटर. वेटर खांद्यावरचे फडके सावरत विचारतो, "काय आणू भाऊ, थंडी की साधी?" बीअरबद्दल विचारतो आहे हे पाहुण्याला कळायला क्षणभर वेळ लागतो. परवाना मात्र कोणी विचारत नाही.

मला या जागेबद्दल आदर आहे, आणि तो सिनेमात दिसणाऱ्या बारच्या झगमगाटाशी संबंधित नाही. परमिट रूम ही बंदीच्या पोटी जन्मलेली जागा आहे, म्हणून तिला खिडक्या नाहीत. रस्त्यावरून आतला माणूस दिसू नये ही कायद्याची आणि समाजाची एकत्र इच्छा होती. पण त्याच अंधारामुळे इथे वेगवेगळ्या थरांतली माणसे शेजारी-शेजारी बसू लागली. वकील, एमआर, बँकेतला कॅशिअर, कळमना मार्केटचा दलाल. हिवाळी अधिवेशन लागले की मुंबईहून आलेले कारकून, अंगरक्षक, वार्ताहर. शहरातल्या फार थोड्या जागांत अनोळखी माणसांशी तासभर बोलता येते, आणि परमिट रूम ही त्यातली एक आहे. बाईसाठी मात्र ती अजूनही उघडलेली नाही. 'फॅमिली रूम' असे लिहिलेल्या पडद्यामागच्या चार टेबलांपाशी तिचा हक्क संपतो, आणि हा त्या संस्थेचा मोठा दोष आहे.

१ एप्रिल २०१७ ला यातल्या पुष्कळ जागांची शटर एकाएकी खाली आली होती. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा आदेश त्या दिवशी लागू झाला. नागपूर देशाच्या मधोमध, त्यामुळे महामार्ग शहराच्या पोटातूनच गेलेले. वर्धा रोड, कामठी रोड, अमरावती रोड अंधारले आणि आतल्या गल्ल्यांतल्या दुकानांपुढे रांगा लागल्या. जुलैमध्ये न्यायालयाने शहरांच्या हद्दीतल्या परवान्यांना हा आदेश अडवत नाही असे स्पष्ट केले, तेव्हा गाडी हळूहळू रुळावर आली.

सीताबर्डी ओलांडून इतवारीकडे चालत गेलो की पाट्या बदलतात. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान', परवाना सीएल-३. इथे खुर्ची नाही. जाळीआडून बाटली घ्यायची, भिंतीलगतच्या कडाप्प्यावर ठेवायची, उभ्यानेच संपवायची. हमाल, रिक्षावाला, बांधकामावरचा मिस्त्री इथे पाच मिनिटे येतो. बोलणे जवळजवळ नाहीच. बाहेर हातगाडीवर उकडलेली अंडी आणि तळलेली मासळी. पाहुण्याला मी बाटलीवरचे नाव वाचायला सांगतो, कारण तिथे बहुधा 'संत्रा' लिहिलेले असते. त्याला वाटते, वा, नागपूरचीच वस्तू! पण काटोल-नरखेडच्या बागांशी तिचा काही संबंध नाही. मळीपासून किंवा धान्यापासून कारखान्यात काढलेले शुद्ध मद्यार्क, त्यात पाणी आणि संत्र्याचा स्वाद, एवढीच ती देशी. कोल्हापूरलाही हीच, जालन्यालाही हीच. तिला देशी म्हणण्यासारखे तिच्यात कोणत्याही गावचे काही नाही.

मग जेवायला सावजी. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातले हे जेवण. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि शहराची कामगारवस्ती वाढत गेली, त्या काळापासून हातमागावरच्या आणि गिरणीतल्या माणसांच्या भुकेशी हे तिखट जोडलेले आहे. मटणाच्या रश्श्यावर तेलाचा लाल तवंग, दगडफूल आणि भाजलेल्या खोबऱ्याचा काळा मसाला. पुष्कळ पाहुण्यांची अशी समजूत असते की सावजीत दारूही मिळते. बहुतेक सावजी भोजनालयांना तो परवाना नसतो. कोणी लपवून बाटली आणली तर मालक आणि गिऱ्हाईक दोघेही कायद्याच्या कचाट्यात सापडतात.

जेवताना एक प्रश्न हमखास येतो. या मातीतली दारू कुठे मिळते? गोव्यात फेणी आहे, तशी तुमची कोणती?

आमची मोहाची. आणि ती या शहरात उघडपणे कुठेही मिळत नाही.

हे शहर गोंड राजा बख्त बुलंदशहाने अठराव्या शतकाच्या आरंभी वसवले. गोंडांच्या घरात जन्म, लग्न, मृत्यू, पेनाची म्हणजे देवाची पूजा, कोणताही विधी मोहाच्या धारेशिवाय पूर्ण होत नाही. रामटेक, पारशिवनी, उमरेड, भिवापूर ही नागपूर जिल्ह्यातली जंगलेसुद्धा मोहाची आहेत. गडचिरोलीपर्यंत जायची गरज नाही. मार्च-एप्रिलमध्ये झाडाची पाने झडलेली असतात आणि रात्री उमललेली फुले पहाटे टपटप गळतात. फुले म्हणजे पिवळसर पांढरी, मांसल, गोड बोंडे. बायका-पोरे उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फुले नीट दिसावीत म्हणून खालचा पालापाचोळा जाळतात, त्यातून वणवे लागतात. त्याच वेळी अस्वलही मोहाखाली आलेले असते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात मोह वेचताना वाघाने माणूस मारल्याची बातमी आली नाही असा उन्हाळा क्वचितच जातो. इतका जीव लावून गोळा केलेले हे फूल आहे.

उन्हात वाळवले की ते मनुक्यासारखे तपकिरी होते आणि वर्षभर टिकते. लोक ते भाकरीत घालून, भाजून, उकडूनही खातात; दुष्काळात त्याने घरे जगवली आहेत. दारू करायची तर फुले पाण्यात भिजत घालून काही दिवस आंबवतात. हा सडवा. पोलिसांच्या बातम्यांमधून हा शब्द शहरी वाचकाला माहीत असतो, कारण छाप्यात तो ओतून दिला जातो. सडवा मोठ्या मडक्यात चुलीवर चढवतात. त्यावर तळाशी छिद्रे असलेले दुसरे मडके, त्याच्या आत छोटे भांडे, आणि सगळ्यावर थंड पाण्याने भरलेली डेगची. वाफ वर जाते, गार बुडाला लागते, थेंब होऊन आतल्या भांड्यात पडते. डेगचीतले पाणी तापले की बदलायचे. किती वेळा बदलले त्यावर दारूचा कडकपणा ठरतो, कारण सुरुवातीला येते ती सर्वांत तेज, पहिल्या धारेची. आच किती ठेवायची, कुठे थांबायचे, हे ठरवणारा हात बहुतेक घरांत बाईचा असतो. हे कसब आहे, आणि ते लिहून ठेवलेले नाही.

मध्य प्रांतात इंग्रजांच्या अमलात सरकारी डिस्टिलरीत निघणारी देशी दारू मुख्यतः मोहाचीच असे. म्हणजे सरकारला या फुलाचे वावडे कधीच नव्हते. वावडे होते ते घरच्या चुलीचे, कारण चुलीवर महसूल मिळत नाही. मुंबई सरकारने १८९२ मध्ये ठाणे-कुलाबा भागासाठी मोहफुलांवरच निर्बंध घालणारा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर बंदी आली, मग बंदी सैल झाली; व्हिस्कीला परमिट रूम मिळाली, मळीच्या दारूला सीएल-३ मिळाले, मोह हातभट्टी या एका शब्दात गुन्हेगार म्हणून राहिला. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि वाहून नेणे यावरचे निर्बंध उठवले, हे चांगले झाले. फूल मोकळे झाले. त्याच्यातून दारू काढणाऱ्या आदिवासी बाईचे कसब मोकळे झाले नाही.

शेजारी काय झाले ते पाहा. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. आज पणजीत फोंतेइन्हासच्या गल्ल्यांमधून वाटाड्याबरोबर संध्याकाळी जुन्या ताव्हेर्नांची फेरी करता येते, आणि भट्टी लावणारा माणूस गोव्यात आपले काम अभिमानाने दाखवतो. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये हेरिटेज मद्याचे धोरण केले. अलिराजपूर आणि दिंडोरीच्या आदिवासी बचत गटांनी 'मोंड' आणि 'मोहुलो' या नावांनी मोहाची दारू बाजारात आणली. आपल्याच राज्यात डहाणूची साउथ सीज डिस्टिलरी मोहाचे उंची मद्य बाटलीत भरते. कारखान्याला जमते, शहरातल्या श्रीमंत गिऱ्हाइकाला परवडते. पारशिवनीच्या बाईला मात्र पोलीस दारात येतील ही धास्ती.

याला विरोध करणारी बाजू मला परकी नाही, आणि ती या शहराच्या अंगणातच उभी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरातच जो धम्म दिला, त्याच्या २२ प्रतिज्ञांमध्ये मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या वारशामुळे दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून आहे, आणि डॉ. अभय व राणी बंग यांनी तिच्यासाठी आपले आयुष्य खर्च केले. २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारच्या बायका चिमूरहून चालत नागपूरच्या अधिवेशनावर आल्या, ते नवऱ्याच्या दारूने घर उद्ध्वस्त झालेले पाहूनच. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली. त्या बायकांचा राग शंभर टक्के खरा होता आणि आहे. माझी मागणी त्यांच्या विरोधात नाही. चोरून विकल्या जाणाऱ्या दारूचा मार सगळ्यात आधी गरिबाला बसतो, हे २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे मेली तेव्हा दिसले. ते विष मोहाच्या फुलातून आले नव्हते, मिथेनॉलमधून आले होते.

वाट कायद्यातच आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. ज्या गावाला बंदी हवी तिथे बंदीच राहावी; गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने स्वतःच्या सहमतीने ती पाळून दाखवली आहे. ज्या गावाला करायची आहे, तिथल्या बायकांच्या गटाला मोजक्या प्रमाणात, प्रयोगशाळेत तपासून, गावाबाहेर विकण्याच्या अटीवर परवाना मिळावा. आणि ती बाटली नागपूरच्या एका तरी उजेडाच्या, खिडक्या असलेल्या जागेत, बाईमाणसाला संकोच न वाटता बसता येईल अशा टेबलावर मिळावी. डिसेंबरमध्ये विधिमंडळ या शहरात भरते. विदर्भाच्या आमदारांनी या अधिवेशनात मोहाच्या परवान्याचा प्रश्न मांडावा, ही विनंती आहे.